आठल्यांच्या पुस्तकातली तिसरी ओळ

“ताई, पुस्तक घ्यायचंय, का इथंच वाचून संपवायचंय?”

दुकानदाराने हे अगदी गोड आवाजात विचारलं. पुण्याचे दुकानदार अपमान करतानाही आवाज चढवत नाहीत. अप्पा बळवंत चौकातलं त्या सकाळचं हे माझं चौथं दुकान. हातात लिनियर अल्जिब्राचं एक अमेरिकन पुस्तक होतं, विटेएवढं जाड, आतून रंगीबेरंगी. मी त्यात एकच पान शोधत होते.

“एक मिनिट हं,” मी म्हणाले.

“मघाशीही एकच मिनिट म्हणालात.”

शेवटी ते पान सापडलं. वर ठळक अक्षरात थिअरम होता आणि खाली इंग्रजीत एकच ओळ, “याची सिद्धता वाचकाने स्वाध्याय बेचाळीसमध्ये करावी.” मी मागे जाऊन उत्तरं पाहिली. उत्तरं फक्त विषम क्रमांकांची दिली होती. एवढं जाड पुस्तक लिहिलं, घोड्यांची नि पुलांची चित्रं काढली, आणि नेमकं घोडं अडतं तिथे हा गृहस्थ वाचकाच्या अंगावर टाकून मोकळा झाला होता. मी पुस्तक मिटून काउंटरवर ठेवलं.

“हे नको.”

“बरं, कशासाठी पाहिजे ते तरी सांगा,” दुकानदार म्हणाला. “एम.एस्सी.च्या एंट्रन्सला? गेटला? स्पर्धा परीक्षेला?”

“समजून घ्यायला.”

“तसं पुस्तक नसतं,” तो म्हणाला, आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मागे आमचे हे उभे होते, म्हणजे माझे यजमान, हणमंत भोईटे. फलटणला आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळलेल्या पाणबुडी मोटारी येतात, त्यांना नवी तार भरून द्यायची. ती तांब्याची तार आणायला हे महिन्यातून एकदा पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात येत. त्या खेपेला मीही बरोबर आले होते, कारण मला पुस्तक हवं होतं. अर्ध्या तासाचं काम, असं मीच म्हणाले होते.

“चार दुकानं झाली, वृंदा,” हे बाहेर पडल्यावर म्हणाले. “साडी घेतानाबी तू एवढा वेळ लावत नाहीस.”

“साडी फसली तर बहिणीला देता येते.”

“आणि पुस्तक फसलं तर?”

“तर मी फसते.”

ही २०११ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. माझं बी.एस्सी. गणित एका पेपरवर अडकलं होतं. पेपर लिनियर अल्जिब्राचा. बारा वर्षांपूर्वी त्या एका पेपरात मी तीन मार्कांनी नापास झाले, वडिलांनी त्याच उन्हाळ्यात लग्न उरकलं, आणि पुढे मुलं, दुकान, सासूबाईंचं आजारपण यात तो पेपर तसाच राहिला. मध्यंतरी मी घरी दहावीच्या शिकवण्या सुरू केल्या होत्या. त्या जोरात चालत. आमच्या इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका जाधव मॅडम मला म्हणाल्या होत्या, “भोईटे, तुम्ही पदवीचा कागद आणा, मी तुम्हाला घेते. कागदाशिवाय माझे हात बांधलेत.” आणि नेमकं त्याच वर्षी विद्यापीठाने पत्रक काढलं, की जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना ऑक्टोबरची परीक्षा शेवटची. त्यानंतर जुने सगळे पेपर बंद. पास व्हा, नाहीतर आयुष्यभर बारावी पास म्हणून मिरवा.

शिकवायला कोणी नव्हतं. कॉलेजात आता नवा अभ्यासक्रम. स्वतःच शिकायचं होतं, आणि स्वतः शिकायचं म्हटलं की आधी कशावरून शिकायचं ते ठरवावं लागतं. तिथेच माझ्या नाकी नऊ आले होते. ज्याला विचारावं तो नवं नाव सांगे. इंजिनिअरिंगला असलेला ह्यांचा भाचा म्हणाला, “मामी, पुस्तकं कोण वाचतं आता? व्हिडिओ बघ.” मी सायबर कॅफेत जाऊन बसले. फळ्यासमोर एक परदेशी प्रोफेसर आले, त्यांनी हात वर केला, आणि आमच्या फलटणच्या इंटरनेटने त्यांना तसंच उभं केलं. मी पैसे देऊन उठले तेव्हाही त्यांचा हात वरच होता. कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं, “अमकं घ्या, सोपं आहे.” दुसरे म्हणाले, “ते? ते पोरांचं आहे. गणित शिकायचं असेल तर तमकं.” तमकं मागवलं, तर त्यात अर्धं पुस्तक संपलं तरी एक मॅट्रिक्स दिसेना. एकाच्या पुस्तकात सुरुवात डिटरमिनंटने. दुसरा प्रस्तावनेतच म्हणतो, डिटरमिनंट शेवटपर्यंत वापरणार नाही, वापरणारे अडाणी. एकजण जे आडवं लिहितो ते दुसरा उभं लिहितो. एकाचं वाचून दुसऱ्याचे स्वाध्याय सोडवायला घ्यावेत तर चिन्हंच जुळेनात. प्रत्येकाला वाटे आपलंच खरं, आणि शिकणाऱ्याचा मात्र जीव जाई.

पाचव्या दुकानात पुस्तकं प्लास्टिकमध्ये बंद होती.

“उघडून दाखवता का?”

“उघडलं की घ्यावं लागेल.”

“आत काय आहे ते बघितल्याशिवाय कसं घेऊ?”

“मागच्या बाजूला लिहिलंय की, ताई. आत काय आहे ते.”

मागच्या बाजूला लिहिलं होतं, की हे पुस्तक अत्यंत सुबोध असून जगभर गाजलेलं आहे. मी ते ठेवलं आणि शेजारचं एक गाइड उचललं. गाइड मात्र उघडी असतात. गाइडला लपवण्यासारखं काही नसतं. त्यात मी माझं पान पटकन काढलं. तोच थिअरम, बाजूला चांदणी, “आठ मार्कांसाठी महत्त्वाचा.” खाली सिद्धता. तिसरी ओळ वाचली आणि माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. माझ्या कॉलेजच्या वेळी लागलेल्या आठल्यांच्या पुस्तकातली तिसरी ओळ, जशीच्या तशी, स्वल्पविरामासकट उचललेली.

मी गाइड आपटलंच. दुकानदार “ओ ताई” म्हणाला. ह्यांनी माझं कोपर धरून मला बाहेर काढलं आणि समोरच्या अमृततुल्यमध्ये नेऊन बसवलं.

“आता सांग,” चहा आल्यावर हे म्हणाले. “सकाळपासनं बघतोय. प्रत्येक पुस्तकात तू एकच पान काढतीस, वाचतीस आन् तोंड वाकडं करतीस. काय शोधालीस काय?”

बारा वर्षांत मी हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. नापास झालेल्या माणसाने कारण सांगू नये, ते सबबीसारखं वाटतं. पण त्या दिवशी डोकं इतकं फिरलं होतं की सांगून टाकलं.

आमच्या वेळी अख्ख्या विद्यापीठात लिनियर अल्जिब्राला एकच पुस्तक चाले, प्राध्यापक आठल्ये यांचं. शिकवणारे त्यातूनच शिकवायचे, पेपर त्यातूनच निघायचा, आणि तपासणाऱ्यांच्या हातात नमुना उत्तरंही त्यातलीच. त्यात एक थिअरम होता. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा चौकोन. त्याच्या आडव्या ओळींत खऱ्या अर्थाने वेगळ्या अशा जितक्या, तितक्याच उभ्या ओळींतही. नेहमी. चौकोन कुठलाही घ्या. मला हे फार नवलाचं वाटायचं. आडव्याचा आणि उभ्याचा काय संबंध? पण आठल्यांनी पाच ओळींत ते सिद्ध केलं होतं. एका आडव्या ओळीतून दुसरी वजा करत करत चौकोन सोपा करत जायचा. आणि तिसऱ्या ओळीत म्हटलं होतं, की असं केल्याने उभ्या ओळींपासून जे काही तयार होतं ते बदलत नाही, “हे उघडच आहे.”

मी बिलाच्या पाठीवर ह्यांना लिहून दाखवलं. वरच्या ओळीत पाच, दहा. खालच्या ओळीतही पाच, दहा.

“आता खालच्यातनं वरची वजा करा.”

“शून्य, शून्य.”

“बरोबर. आता उभं बघा. आधी उभ्या ओळीत वरचा आणि खालचा आकडा सारखा होता. पाचाखाली पाच, दहाखाली दहा. आता?”

“खाली शून्य.”

“मग बदललं की नाही बदललं?”

ह्यांनी कागद जवळ ओढून बघितला. “बदललं की.”

“आठल्ये म्हणतात, बदलत नाही. उघडच आहे म्हणतात.”

“मग त्यांचं चुकलं असंल.”

“अहो, प्रोफेसरांचं पुस्तक! पाच हजार पोरं तेच पाठ करून पास झाली. मी आमच्या सरांना विचारलं, तर म्हणाले, आठल्ये सरांची चूक काढणारी तू कोण, व्याख्या नीट वाच. मी वाचली. वाचून वाचून पाठ झाली. पण हे काही डोक्यातून जाईना. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला, आठ मार्कांना. मी दोन ओळी लिहिल्या आणि तिसरीशी पेन थांबलं. मग मी हेच लिहिलं, हे पाच-दहाचं. की ही ओळ खरी नाही. शून्य मिळालं असणार. तीन मार्कांनी गेले.”

ह्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, “त्यांना पायजे ते लिहायचं, आन् पास व्हायचं. तार भरताना गिऱ्हाइकाला पटतं तेच बोलावं लागतं का नाही आम्हाला?”

“हात चालत नाही. तेव्हाही चालला नाही, आताही चालत नाही. दोन महिने झाले, त्या पानाच्या पुढे मी गेले नाही. मला एवढंच कळू दे, की मला अक्कल नाही की त्या ओळीला नाही. मग मी पाहिजे ते पाठ करते.”

मी हे फार जोरात बोलले असणार, कारण शेजारच्या बाकावरची दोन पोरं वळून बघायला लागली. हे उठले. “बस इथं. आलोच,” म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेले.

मला वाटलं, तारेचं बघायला गेले. चहा निवत होता. मी त्या बिलावरच्या पाच-दहाकडे बघत बसले. खरं तर मला स्वतःचीच चीड येत होती. इतर बायका अशा वेळी गाइड घेतात, पाठ करतात आणि नोकरीला लागतात. मी मात्र भर उन्हात दुकानं पालथी घालत फिरत होते आणि संसारी माणसाची सकाळ वाया घालवत होते.

हे परत आले ते हातात पुस्तक घेऊन. मळकट पिवळं, रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून आणलेलं. माझ्यासमोर ठेवलं. मी नाव वाचलं आणि माझा संताप अनावर झाला.

“हे आठल्यांचंच आहे!”

“कोर्सला तेच हाय ना? मग तेच वाच. लई झालं.”

“मी इतका वेळ काय सांगत होते तुम्हाला? पालथ्या घड्यावर पाणी! याचं तोंड मला बघायचं नाही. घरी आहे माझ्याकडे, ट्रंकेत. हे बघा, तुम्हीच बघा,” म्हणत मी पुस्तक ओढलं, थिअरम काढला आणि त्यांच्या नाकासमोर धरून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “वाचा.”

“इंग्रजी हाय.”

“मी वाचते.” आणि मी वाचायला लागले, आणि थांबले.

ती ओळ तिथे नव्हती.

पहिल्या दोन ओळी त्याच. तिसरी वेगळी. त्या ओळीनंतर छोट्या अक्षरात एक टीप होती. मराठीत सांगायची तर अशी: “सावधान. उभ्या ओळींपासून जे तयार होते ते बदलते. उदाहरणार्थ,” आणि पुढे छोटासा चौकोन, पाच दहा, पाच दहा. “मात्र उभ्या ओळींचे आपसातले नाते बदलत नाही. दुसरी पहिलीच्या दुप्पट असेल तर नंतरही दुप्पटच राहते. म्हणून वेगळ्या ओळींची संख्या तीच राहते.” त्याखाली आणखी एक वाक्य. “पहिल्या आवृत्तीतली ही चूक १९९९च्या परीक्षेतील एका उत्तरपत्रिकेमुळे लेखकाच्या लक्षात आली.”

मी पहिलं पान उघडलं. दुसरी आवृत्ती, २००१.

“काय झालं?” हे म्हणाले. “वृंदा, काय झालं? पाणी पी.”

मी पाणी प्यायले नाही. पुस्तक घेऊन सरळ चौथ्या दुकानात गेले. दुकानदाराने मला बघून कपाळाला हात लावला.

“आठल्ये सर कुठे राहतात?” मी विचारलं.

“आठल्ये? गणिताचे? इथंच, शनिवार पेठेत. पण ताई, ते आता काही लिहीत नाहीत.”

“लिहिलेलंच विचारायचंय.”

त्याने इमारत समजावून सांगितली. चौकात वाहनं अंगावर येत होती आणि मी त्यांतून वाट काढत चालले होते. हे मागून “अगं हळू, अगं रस्ता बघ” करत येत होते. इमारतीच्या खाली पोचल्यावर म्हणाले, “मी येऊ?”

“नको. तार घेऊन या तुम्ही.”

दार स्वतः सरांनीच उघडलं. उंच, वाकलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी लावलेली. मी नाव सांगितलं, फलटणहून आले म्हटलं, लिनियर अल्जिब्रा स्वतःच शिकतेय, पुस्तक निवडायला मदत हवी म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवत होते. त्यांना मात्र मनापासून आनंद झाला. कोणी गणित विचारायला येऊन वर्षं झाली असावीत.

“बसा, बसा. पुस्तक कुठलंही घ्या,” ते हसत म्हणाले, “माझं सोडून.”

“का? तुमचं का नको?”

“फार घाईत लिहिलेलं. प्रकाशक मागे लागला होता. जून उजाडायच्या आत पाहिजे म्हणाला, आम्ही दिलं. स्वतः शिकणाऱ्याला घाईतलं पुस्तक देऊ नये. वर्गात निदान शिक्षक असतो चूक झाकायला.”

मी पिवळं पुस्तक काढून ती टीप त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पट्टी जरा वर सरकवून, पान डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

“हं. ही एक चूक.”

“ही उत्तरपत्रिका कोणाची होती, सर?”

“ते कसं कळणार? उत्तरपत्रिकेवर नाव नसतं. नंबर असतो, तोही झाकलेला.”

“पण तपासली कोणी?”

“मीच. मुख्य परीक्षक होतो मी त्या वर्षी.”

“मग त्या उत्तराला तुम्ही किती मार्क दिलेत?”

त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “तुम्ही कोण?”

“किती दिलेत सर?”

“शून्य,” ते म्हणाले. “नमुना उत्तर समोर होतं. टेबलावर गठ्ठा. सिद्धता पूर्ण केलेली नाही, काहीतरी चौकोन मांडलाय, हेच दिसलं मला. शून्य दिलं आणि पुढचा पेपर घेतला. निकाल लागून गेल्यावर एक दिवस नातवाची वजाबाकी तपासत होतो, आणि एकदम ते पाच-दहा आठवलं. कागदावर मांडलं. अर्ध्या मिनिटात कळलं, की त्या पोराचं बरोबर होतं आणि माझं चुकीचं.”

“पोरीचं,” मी म्हणाले.

त्यांनी टिपेवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, “रागावू नका. पण हे उदाहरण पुस्तकात छापलेलं आहे. कोणीही वाचून—”

“चौकोनाखाली मी एक ओळ मराठीत लिहिली होती. पेपर इंग्रजीत होता. तरी मराठीत लिहिली. ‘सर, मला हे पटत नाही.’”

आठल्ये सरांनी डोळ्यावरची पट्टी काढली. तो लाल डोळा आणि तो चांगला डोळा, दोन्ही माझ्याकडे लागले होते.

“‘चुकत असेन तर माफ करा,’” ते म्हणाले. “पुढे असं होतं.”

तसंच होतं. ते मीसुद्धा विसरले होते. मी तिथे खुर्चीत बसून होते. बारा वर्षं मी स्वतःला मठ्ठ समजत आले होते. शिकवणीत एखाद्या पोराने चांगला प्रश्न विचारला, की त्याला शाबासकी द्यायच्या आधी मला भीती वाटायची, की या प्रश्नापायी हे लेकरू कुठे अडकेल. आणि हा माणूस दोन वर्षांत चूक दुरुस्त करून, नवी आवृत्ती काढून मोकळा झाला होता.

“निकालानंतर कळलं म्हणालात,” मी म्हणाले. “मग विद्यापीठाला का नाही सांगितलंत?”

“सांगायला गेलो होतो. पायऱ्यांपर्यंत. मग वाटलं, तिला, म्हणजे त्या विद्यार्थ्याला, मार्क द्यायचे तर बाकीच्या सगळ्यांचे कापावे लागतील. सगळ्यांनी माझी चूक पाठ करून लिहिली होती, आणि आम्ही परीक्षकांनी सगळ्यांना आठपैकी आठ दिले होते. हजारो पोरं. कितीतरी नापास झाली असती. आणि लेखक मी, परीक्षक मी. उगाच गवगवा झाला असता.”

“मग काय केलंत?”

“परत आलो. टीप लिहिली.”

“मी तीन मार्कांनी गेले, सर.”

त्यांना हे माहीत नव्हतं. ते हात जोडायला लागले. सत्तरीच्या पुढचा माणूस, डोळ्याचं ऑपरेशन झालेला. मला एरवी कसंनुसं झालं असतं. त्या दिवशी नाही झालं.

“माफी मी मागितली होती,” मी म्हणाले. “चूक तुमची, आणि माफी मी मागितली होती.”

“हो.”

“आता ऑक्टोबरात शेवटची परीक्षा आहे. हाच प्रश्न पुन्हा येईल. मी काय लिहायचं?”

“मी विद्यापीठाला पत्र देतो. जुनं सगळं स्पष्ट लिहितो. तुमचे मार्क—”

“बारा वर्षांपूर्वीच्या उत्तरपत्रिका ठेवतात का?”

त्यांनी मान हलवली. त्या कधीच रद्दीत गेल्या होत्या.

“मग काय लिहू ते सांगा.”

“या आवृत्तीत आहे तसं लिहा,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “आता नमुना उत्तर हेच आहे. पूर्ण मार्क मिळतील.”

“म्हणजे माझंच मला पाठ करायचं. तेव्हा शून्य, आता आठ.”

मी पुस्तक उचलून निघाले. दारापर्यंत ते आले. “अडलं तर या,” म्हणाले. “केव्हाही या. मी शिकवीन.” मी बरं म्हटलं नाही आणि नको असंही म्हटलं नाही.

खाली हे तांब्याच्या तारेची रिळं फुटपाथवर मांडून उभे होते. माझा चेहरा बघून दोन पावलं पुढे आले.

“काय म्हणाले?”

“बरोबर होतं म्हणाले.”

“कुणाचं?”

“माझं,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. भर शनिवार पेठेत, तारेच्या रिळांमध्ये उभी राहून मी हमसून हमसून रडले. ह्यांना आधी काही कळेना. मी तुटक तुटक सांगितलं. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा लालभडक झाला आणि ते जिन्याकडे निघाले. मी मागून शर्ट धरला.

“सोड. दोन शब्द बोलून येतो म्हाताऱ्याला.”

“मी बोलले.”

“मला लग्नाच्या बैठकीत सांगितलं होतं, पोरगी नापास हाय पण घरकामाला चांगली हाय. तुझ्या बापानं मान खाली घालून सांगितलं होतं. त्याचं काय?”

“अहो, चला. त्याचं काही होत नाही आता.”

आणि खरोखरच काही झालं नाही. विद्यापीठाकडे पत्र गेलं असेल तर त्याचं उत्तर मला आलं नाही. मी फलटणला परतले आणि त्याच पिवळ्या पुस्तकावरून अभ्यास केला. दुसरं कुठलंही घेतलं नाही. जिथे “उघडच आहे” लिहिलं होतं, तिथे थांबून प्रत्येक वेळी स्वतः ताडून पाहिलं. आणखी दोन चुका सापडल्या. त्या कळवायला मी आठल्ये सरांकडे गेले नाही, पोस्टकार्डावर लिहून पाठवल्या. त्यांचं उत्तर मात्र आलं: “दोन्ही मान्य.”

ऑक्टोबरच्या पेपरात तो प्रश्न आलाच नाही. प्रश्नपत्रिका मी उलटीपालटी करून दोनदा बघितली. चार महिने जे घोकलं होतं, ज्याच्यासाठी पुण्याला जाऊन रडून आले होते, ते त्या कागदावर कुठेही नव्हतं. बाकीचं सगळं आलं, आणि सगळं सोडवलं. पास होणार हे तिथेच कळलं. वेळ उरला होता. आजूबाजूची, नव्या अभ्यासक्रमाचे पेपर देणारी कॉलेजची पोरं उठून जायला लागली होती, आणि सुपरवायझर बाई माझ्याकडे बघत होत्या, की ह्या मावशी अजून काय लिहितात.

मी तो थिअरम लिहिला. विचारला नसताना, वरती प्रश्न क्रमांक न घालता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पाच-दहाचा चौकोनही काढला. न विचारलेल्या उत्तराला मार्क नसतात, तपासणारा त्यावर सरळ काट मारतो, हे मला पक्कं माहीत होतं. मी खाली एक रेघ ओढली आणि उत्तरपत्रिका दिली. या खेपेला माफी लिहिली नाही.